चौदाशे फिल्स

आज बघायचं असं काही उरलं नाही.
किल्ला झाला, मोठी मशीद झाली,
वाळवंटातलं ते एकटं झाडही झालं,
ज्याच्या बुंध्याशी वसूने
आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी ओतलं
आणि रखवालदार तोंड फिरवून हसला.

विमान रात्री साडेदहाला.
बॅगा हॉटेलच्या जिन्याखाली टाकून
आम्ही मुहर्रकला आलो,
विमानतळ जवळ, एवढ्याच कारणाने.

दोघी बहिणी. ती एकसष्ट, मी सत्तावन्न.
घरी बजावून निघालो होतो,
चार दिवस फोन करू नका.
त्यांनी खरंच केला नाही,
आणि कालपासून वसूचा चेहरा उतरलाय.

गल्ल्या इतक्या चिंचोळ्या
की एका भिंतीची सावली
समोरच्या भिंतीलाही पुरते.
एका दाराशी तेलाच्या डब्यात रोप.
वसू म्हणाली तुळस, मी म्हणाले सब्जा.
पान चुरगळणार, तोच दार उघडलं.
आम्ही चोरासारख्या उभ्या.
बाई काही बोलली नाही,
दोन काड्या खुडून आमच्या हातात दिल्या,
मश्मूम, म्हणाली,
आणि स्वतःच्या केसांवर बोट ठेवलं.

मग काय, माळून फिरलो.
या वयात, परक्या गावात,
तुळशीची का सब्जाची ती काडी अंबाड्यात खोचून.

मोतीवाल्याच्या जुन्या घरात आम्हीच दोघी.
काचेखाली नाकाचा चिमटा,
बोटांना घालायच्या कातडी टोप्या,
पायाला बांधायचा दगड. आणि दोर.
हेस्सा नावाची मुलगी
सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत सांगत होती:
एक जण खाली जायचा, एक जण वर दोर धरायचा.
खालच्याने हिसका दिला की वरच्याने ओढायचं.
वसूने विचारलं, वरचा झोपला तर?
हेस्सा थांबली. हा प्रश्न
तिला कुणी विचारला नसावा.
म्हणून भरवशाचा माणूस घ्यायचे, ती म्हणाली.
आणि मोती?
मोती जायचे मुंबईला. तुमच्याकडेच.

वसूने माझ्याकडे बघितलं नाही.
आईची नथ तिच्या कपाटात आहे.
अकरा वर्षं झाली.
मी कधी विषय काढला नाही, तिनेही नाही.
सात मोती, एक लाल खडा,
सातांतला एक मागाहून बसवलेला, जरा पिवळा.
आईनेच बदलून घेतला, असं वसू सांगत आलीय.
"त्यातला एखादा इथला असेल," ती काचेला म्हणाली.
"असेल."

खिशात चौदाशे फिल्स उरले होते.
परत नेऊन करायचं काय?
मलबारी पोऱ्याकडे दोन कडक,
वेलचीचे, साखरेने घट्ट झालेले,
तेवढ्यात चारशे गेले.
हजाराचा हलवा. आपला नव्हे हं,
हा केशरी, थरथरता, दाढेला धरून बसणारा.
दुकानदाराने तीन वेळा चव दिली,
वसूने चौथ्यांदा मागितली.

ऊन कललं तेव्हा पाण्याकडे गेलो.
एक विमान इतक्या खालून गेलं
की चाकं मोजता आली.
"आपलं का?"
"आपलं साडेदहाला गं."
"मग वेळ आहे," म्हणत तिने चपला काढल्या.

पायऱ्या शेवाळलेल्या.
"धर जरा," तिने हात मागे केला.
मी मनगट धरलं.
एक पायरी, मग दुसरी,
पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं,
"कोमट आहे," ती म्हणाली,
साडी दुसऱ्या हाताने वर धरून
पलीकडच्या होड्यांकडे बघत राहिली.

आणि तशीच, न वळता,
"तो पिवळा मोती मी बसवून घेतला.
मूळचा माझ्याकडून हरवला."

अंबाड्यातली काडी सुकून तिरपी झाली होती.
माझ्या बोटांखाली तिची नाडी
जरा जास्तच जोरात चालली होती.

"पाय सांभाळ," मी म्हणाले,
"खालची पायरी बुळबुळीत दिसतेय."